पन्नास पानांत जीव रमला नाही तर कादंबरी मिटून ठेवावी

कृष्णाकाठ (सांगली)

गेल्या रविवारी भाचा घरी आला होता. कपाटाकडं बघून म्हणाला, "मामा, एवढीच पुस्तकं? आणि तीच तीच परत वाचता?" त्याला तोंडी जे सांगितलं ते इथं नीट लिहितो. मला खरंच लोकांचं म्हणणं ऐकायचंय.

माझ्या कपाटात आज एकोणीस कादंबऱ्या आहेत. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत लहानमोठी चारशेच्या वर पुस्तकं होती. आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. इर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही मिरजेला मेव्हण्याकडं होतो. परत आलो तर पुस्तकांचं कपाट उघडेना. पुस्तकं पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांना अशी आवळून धरतात की एकसुद्धा ओढून निघत नाही. शेवटी बाजूची फळी फोडली. आतून लगदा आणि गाळ एकदमच बाहेर आला. वरच्या कप्प्यातली तेवढी वाचली. त्यात 'बनगरवाडी' होती, खालचा कोपरा भिजलेली. तिची शेवटची वीसेक पानं एकमेकांना चिकटली होती. बायकोनं दोन दिवस पंख्याखाली ठेवून, पोस्टकार्डाच्या कडेनं एकेक पान सोडवलं. तीच प्रत मी आजही वाचतो.

पुरानंतर मी ठरवलं, आता उगाच पुस्तकं साठवायची नाहीत. नवी कादंबरी वाचनालयातून आणतो, पन्नास पानं वाचतो. जीव रमला तर पुढं, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत. आणि दर पावसाळ्यात 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकर आपल्याच आटपाडीकडचे. १९५५ ची ही कादंबरी, दोन संध्याकाळींत संपते. विशीत वाचली तेव्हा मला त्यातला तरुण मास्तरच दिसला, आपणही असंच कुठल्या वाडीवर जावं वाटलं. पस्तिशीत कारभारी दिसला. आता ५६ व्या वर्षी मी दुष्काळाच्या पानांवर थांबतो. मास्तरनं खपून शाळा चालवली, सगळ्यांना उभं करून तालीम बांधली, आणि मग पाऊस नाही म्हणून माणसं मेंढरं घेऊन निघूनच जातात. गावच उरत नाही. घर सोडून चार दिवस दुसरीकडं राहून आलेल्या माणसाला ही पानं वेगळी लागतात.

माझं म्हणणं साधं आहे. न रमलेलं पुस्तक नेटानं संपवण्यात पुण्य नाही. तो वेळ आवडलेल्या पुस्तकाला परत द्यावा.

पाटणची लेक (सातारा)

काका, 'बनगरवाडी'बद्दल एक अक्षर बोलणार नाही, तुम्ही लिहिलेलं वाचून मीच परत काढली. पण पन्नास पानांच्या नियमाला माझा साफ विरोध आहे.

मी भालचंद्र नेमाडेंची 'कोसला' पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पन्नास पानांत काय, तर पुण्यातलं वसतिगृह आणि पांडुरंग सांगवीकरचं ते न संपणारं बोलणं. मला कंटाळा आला. तुमचा नियम असता तर मी ती तिथंच ठेवली असती. पण परीक्षेला होती म्हणून रेटत गेले आणि मनीपर्यंत पोचले. पांडुरंगची धाकटी बहीण जाते, तो भाग.

माझा भाऊ २०१६ साली गेला, चौदा वर्षांचा होता. घरी येणारा प्रत्येक माणूस काहीतरी शहाणपणाचं बोलायचा, देवाला आवडला म्हणायचा. 'कोसला'त तसं कुणी समजूत घालत नाही. तो पोरगा एवढा बडबड्या, आणि तिथं त्याचे शब्दच मोडून पडतात. सगळ्या जगावरचा त्याचा राग उघडा पडतो. मी ती पानं एस.टी.त वाचत होते, उंब्रजला उतरायचं विसरले, थेट कराड स्टँडवर उतरले. आणि तेव्हा कळलं, की आधीचं कंटाळवाणं वाटलेलं सगळं तिथं पोचायला लागतंच. तेवढी बडबड ऐकल्याशिवाय ती शांतता ऐकू येत नाही.

कादंबरी म्हणजे कविता नव्हे. तिला पसरायला जागा लागते. पन्नास पानांवर निकाल लावणं हा तिच्यावर अन्याय आहे.

वारणेकाठचा

मी कृष्णाकाठ यांच्या बाजूनं.

माझे वडील कारखान्यावर होते, शिक्षण चौथीपर्यंत. आयुष्यात त्यांनी एकच कादंबरी वाचली, अण्णा भाऊंची 'फकिरा'. वाटेगाव आमच्यापासून लांब नाही, त्यातली माणसं त्यांना शेजारचीच वाटायची. बोट ठेवून वाचायचे. गळीत हंगाम संपला की काढायचे आणि पावसाला सुरुवात होईपर्यंत पुरवायचे. फकिराचा बाप राणोजी गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून जोगणी आणतो आणि जीव गमावतो, तिथं आलं की दरवर्षी पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसायचे. पुढं काय होणार हे त्यांना पाठ होतं, तरीही. मी एम.ए. केलं, दोनशे कादंबऱ्या वाचल्या असतील. त्यांच्याएवढी एकही माझ्या अंगात मुरलेली नाही. वर्षाला किती पुस्तकं झाली हे मोजणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

पाटणची लेक (सातारा)

दादा, मी मोजत नाही, आणि तुमच्या वडिलांपुढं मान खाली. पण तेही बोट ठेवून, अडखळत, शेवटपर्यंत गेले ना? पन्नासाव्या पानावर थांबले असते तर?

ग्रंथालयवाली (तासगाव)

मी तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात बावीस वर्षं काम करते, त्यामुळं हे टेबलाच्या पलीकडून सांगते.

पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. 'मृत्युंजय', 'ययाति', 'श्रीमान योगी' यांच्या चिठ्ठ्या शिक्क्यांनी भरून जातात, आम्ही वर नवी चिकटवतो, बांधणी दोनदा-तीनदा करून घेतो. ती पुस्तकं मलाही प्रिय आहेत, खांडेकर तर सांगलीतच जन्मलेले. पण गेल्या पाच-सात वर्षांतल्या नव्या लेखकांच्या कादंबऱ्या उघडून बघा. दोन शिक्के, तीन शिक्के. कृष्णाकाठ यांच्यासारखा जाणता वाचक नेतो आणि दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवतो, तेव्हा टेबलाशी उभे असलेले दोघं ते बघत असतात. मग चिठ्ठी कोरी बघून तिसरा ते उचलतच नाही. पुस्तक खरेदीची यादी करायची वेळ येते तेव्हा समितीचे लोक विचारतात, "याचं मागचं कुणी नेलं का?" नेलं नसेल तर त्या लेखकाचं पुढचं पुस्तक येत नाही. अनुदान मोजकं, त्यात मी भांडणार तरी किती?

'कोसला' १९६३ साली नवीच होती. लिहिणारा पंचविशीतला. तेव्हाच्या वाचकांनी ललित, गोड भाषेची सवय बाजूला ठेवून ती वाचली म्हणून आज आपण तिच्यावर बोलतोय.

परत वाचा, जरूर वाचा. पण चार जुन्यांमागं एक नवी कादंबरी शेवटपर्यंत न्या. आवडली नाही तर का आवडली नाही ते मला येऊन सांगा. मला त्याचाही उपयोग होतो.

घाटमाथा

परत वाचणं म्हणजे ओळखीच्या घरी जाऊन निवांत बसणं, असा सूर दिसतोय. माझा अनुभव उलटा आहे. 'स्वामी' मी पंधराव्या वर्षी वाचली, थेऊरच्या शेवटच्या पानांवर हुंदके देऊन रडलो. चाळिशीत परत वाचली. माधवरावांचं दुखणं तेवढंच लागलं, रणजित देसाईंची भाषाही तशीच देखणी. पण रमाबाईंचं सती जाणं आपण इतकं भारावून वाचलं होतं, याचा त्रास झाला. तोवर मला मुलगी झाली होती. पुस्तक तेच, मी तिथं नव्हतो. म्हणून परत वाचावं, सुखासाठी नाही.

शिवसागर

आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. आजोबांच्या तोंडून त्याची वाट पाठ झालीय, पाहिलेलं मात्र काहीच नाही. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' एकदाच वाचली, चार रात्रींत. जमिनीच्या कागदासाठी माणसं कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात ते वाचताना आजोबांची पत्र्याची पेटी डोळ्यांसमोर होती, अर्जांच्या नकलांनी भरलेली. ती कादंबरी मी परत वाचणार नाही. मोठी आहे म्हणूनच नाही वाचणार. सगळी चांगली पुस्तकं परत वाचायची असतात, हे मला पटत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

शिवसागर, तुमच्यापुढं माझ्याकडं शब्द नाहीत. घाटमाथा, तुम्ही जे लिहिलंत ते मला सांगता आलं नव्हतं, पण माझं 'बनगरवाडी'चं तेच आहे.

ताई, ग्रंथालयाच्या चिठ्ठीचा विचार मी कधी केला नव्हता. पुस्तक परत करताना आपण चोखंदळ आहोत एवढंच वाटायचं. तरी न रमलेलं पुस्तक कर्तव्य म्हणून संपवावं हे मला अजून मान्य नाही. शाळेत आम्हाला तसंच वाचायला लावलं, आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्यानंतर पुस्तकाच्या वाटेला गेली नाहीत. रेटून वाचणाऱ्याला 'कोसला'त मनी भेटते हे खरं, पण रेटता रेटता वाचनच सोडून दिलेले माझे मित्र मला माहीत आहेत. त्यांना कुणी पन्नास पानांवर सोडून द्यायची मोकळीक दिली असती तर ते दुसऱ्या पुस्तकाकडं गेले असते.

पाटणची लेक, तुला एक कबूल करतो. 'कोसला' मी १९८८ साली कॉलेजात असताना चाळीसेक पानांवर ठेवली होती. काल वाचनालयातून आणली. रात्री एकसष्टाव्या पानापर्यंत आलोय. अजून मनी गेलेली नाही. आता तिचं नाव कुठं आलं की छातीत धस्स होतं, आणि पान हळू उलटलं जातं.

ग्रंथालयवाली (तासगाव)

पंधरा दिवसांची मुदत असते, पण तुम्हाला वेळ लागला तर वाचनालयात सांगून मुदत वाढवून घ्या. संपवल्याशिवाय देऊ नका.