‘विद्युत क्षेत्र’ वाचून तुम्हांला काय समजतं?

सातरस्ता
नमस्कार मंडळी. एका शीर्षकापाशी गाडी अडली आहे. माझी भाची पदार्थविज्ञानात संशोधन करते. विद्युत क्षेत्र (इलेक्ट्रिक फील्ड) वापरून चुंबकत्वावर ताबा कसा मिळवायचा, या विषयावरच्या परिषदेला ती जाऊन आली. आता इथल्या एका कॉलेजच्या विज्ञान मंडळात त्यावर तिचं मराठीतून व्याख्यान आहे आणि पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मी लिहिलं, ‘विद्युत क्षेत्राद्वारे चुंबकत्वाचे नियंत्रण’. छापखान्यातल्या माणसानं वाचून विचारलं, “मॅडम, वीज कंपन्यांचा कार्यक्रम आहे का?” त्याचं काय चुकलं? ‘विद्युत क्षेत्रातील सुधारणा’, ‘विद्युत क्षेत्रातील गुंतवणूक’ हे तो रोज पेपरात वाचतो. घरी सासऱ्यांना दाखवलं तर ते म्हणाले, क्षेत्र म्हणजे सातबाऱ्यावरचं, हेक्टर-आरमधलं.
दुसरी अडचण ‘मल्टिफेरॉइक’ची. व्याख्यानातल्या पदार्थांच्या एका प्रकाराचं ते नाव आहे. मी ‘बहुलोही’ केलंय. भाचीला ते पटत नाही आणि तिला स्वतःला दुसरं काही सुचत नाही. शुक्रवारपर्यंत छापायला द्यायचंय.

बाळीवेस
ताई, शब्द बरोबर आहे, लेखन सैल आहे. ‘विद्युत्क्षेत्र’ असं जोडून लिहा. तो सामासिक शब्द आहे. समास फोडला की अर्थही फुटतो. सुटं ‘विद्युत क्षेत्र’ म्हणजे वीजव्यवसाय, जोडलेलं ‘विद्युत्क्षेत्र’ म्हणजे भौतिकशास्त्रातली संज्ञा. आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं. हल्ली पाय मोडायचा आळस, शब्द जोडायचा आळस, आणि मग मराठी अपुरी पडते म्हणून ओरड.

अक्कलकोटरोड
सर, मान ठेवून विचारतो. व्याख्यान ऐकायला येणारा मुलगा शब्द कानानं ऐकणार. कानाला जोडलेलं आणि तोडलेलं कसं कळायचं?

होटगीरोड
आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आम्ही ‘दाब’ म्हणतो. उच्चदाब वाहिनी, कमी दाबानं मोटार जळाली, सगळ्यांना समजतं. ‘विद्युतदाबाने चुंबक फिरवणे’ असं लिहा की.
आणि एक विचारू का? यात नवीन काय आहे? स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की कॉइलमध्ये करंट जातो, कॉइलचा चुंबक होतो, पट्टी ओढून धरतो. लाईट गेली की पट्टी सोडून देतो. विजेनं चुंबक चालवायचं काम आमच्या शेतकऱ्यांच्या विहिरीवर रोज चाललंय. एवढ्यासाठी जगभरची माणसं परिषद भरवतात होय?

कंबरतलाव
होटगीरोड दादा, नेमका मुद्दा काढलात. मी या विषयाच्या आसपास काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
तुमच्या कॉइलमध्ये करंट *वाहतो* म्हणून चुंबकत्व येतं. तारेतल्या प्रवाहानं होकायंत्राची सुई हलते हे ओर्स्टेडनं १८२० मध्ये दाखवलं, तेव्हापासूनची ही गोष्ट. पण करंट वाहिला की तार तापते. जळालेल्या कॉइल तुमच्याकडे येतात त्या त्यामुळेच. परिषदेतल्या मंडळींना करंटच नकोय. ते विद्युतरोधक पदार्थाचा पातळ थर घेतात, त्याच्या दोन्ही अंगांना धातूचा मुलामा देतात आणि व्होल्टेज लावतात. आतून प्रवाह जवळजवळ जातच नाही. तरी आतले धन आणि ऋण आयन (भारित अणू) एकमेकांपासून किंचित सरकतात आणि त्या सरकण्याबरोबर चुंबकत्व बदलतं. संगणकाच्या स्मृतीतला एकेक बिट असा फिरवता आला तर उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा वाचेल, म्हणून ही धडपड आहे.
तेव्हा अक्का, शीर्षकात ‘विजेने’ आणू नका. वीज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाहणारा करंट येतो, आणि इथे तो न वाहणं हीच तर सगळी गंमत आहे.
‘दाब’ही चालणार नाही. क्षेत्र म्हणजे दाब भागिले जाडी. थर १० नॅनोमीटर जाडीचा असेल तर १ व्होल्ट लावल्यावर आतलं क्षेत्र मीटरला १० कोटी व्होल्ट होतं. तोच १ व्होल्ट मिलिमीटरभर जाडीला लावला तर मीटरला अवघे १,००० व्होल्ट. दाब तोच, क्षेत्रात एक लाख पटींचा फरक. स्फटिकातल्या अणूला जाणवतं ते क्षेत्र.

होटगीरोड
हे पटलं. घड्याळातल्या सेलपेक्षा कमी व्होल्टेजमध्ये एवढं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग ‘ताण’ म्हणा. हाय टेन्शन म्हणतातच.

कंबरतलाव
‘ताण’ तर आधीच कामाला लावलाय. यातला एक मार्ग असा आहे की दाबविद्युत (पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबल्यावर व्होल्टेज देणाऱ्या) पदार्थाच्या थरावर चुंबकीय थर चढवायचा. व्होल्टेज लावलं की खालचा थर लांबी बदलतो, वरच्याला खेचतो, आणि खेचल्यामुळे वरच्याचं चुंबकत्व वळतं. तिथला ताण खराखुरा आहे, रबर ओढल्यावर येतो तो. ‘दाबविद्युत’मधला दाबही बोटानं दाबल्याचा. व्होल्टेजला दाब, बोटाचा दाबच, आणि क्षेत्राला ताण असं केलं तर एका वाक्यात तीन घोटाळे होतील.

विजापूरवेस
आमच्या घरात कन्नड बोलतात म्हणून सांगते. कन्नडमध्ये चुंबकाला अयस्कांत म्हणतात. चुंबकीय क्षेत्र म्हणजे कांतक्षेत्र. अयस् म्हणजे लोखंड, कांत म्हणजे प्रिय. लोखंडाचा प्रियकर! मराठीत सूर्यकांत, चंद्रकांत, रजनीकांत घरोघरी आहेत, मग ‘कांत’ घेतला तर कुणाला जड जाईल? ‘विद्युत्क्षेत्राने कांतगुणावर ताबा’. ऐकायलाही छान वाटतं.

पूर्वभाग
तेलुगूतही अयस्कांतमच. आमच्या भागात पोरं शाळेत मराठीतून चुंबक शिकतात आणि घरी आजोबा अयस्कांतम म्हणतात. दोन्ही शब्द एकाच घरात सुखानं राहतात.

बाळीवेस
अयस्कांत हा अस्सल संस्कृत शब्द आहे. कुमारसंभवात शंकराचं मन उमेकडे ओढून घ्यायचं, ते अयस्कांतानं लोखंड ओढावं तसं, अशी उपमा कालिदासानं दिली आहे. पण ताईंचं पत्रक मराठी आहे. मराठीनं चुंबक स्वीकारला, आणि तोही संस्कृतच. चुंब् धातूपासून आलेला, लोखंडाला भिडतो तो. स्वीकारलेला शब्द सोडून शेजाऱ्याकडून का आणायचा?

विजापूरवेस
शेजारी कोण, सर? सोलापुरात कन्नड शेजारी नाही, घरातली आहे. अक्का, अण्णा म्हणताना कुणी परवानगी काढत नाही. वर कंबरतलाव यांनी सातरस्तांना अक्काच म्हटलंय. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचनंही कन्नडच आहेत.

बाळीवेस
भावना समजली. मी भाषेला कमी लेखलं नाही. माझं म्हणणं संज्ञेपुरतं आहे. पाठ्यपुस्तकात चुंबक, चुंबकीय क्षेत्र, चुंबकीय बलरेषा ही सगळी माळ ओवलेली आहे. तिच्यात मधेच एक मणी कांताचा घातला की मुलाचा धागा तुटतो.

अक्कलकोटरोड
आमचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. कारागिरांच्या पायांखाली पडलेल्या सुया-टाचण्या उचलायला एक जाड चकती ठेवलेली असते. तिला दोरी बांधून फरशीवरून ओढायची, की सुया चिकटतात. कुणी ‘चुंबक’ म्हणत नाही. मराठी बाई असो, तेलुगू बाई असो की उर्दू बोलणारा मास्टर, सगळे ‘मॅग्नेट’ म्हणतात. तुम्ही चुंबक आणि कांत यांवरून भांडताय, आणि हातात धरणाऱ्या माणसानं कधीच निकाल दिलाय. ‘इलेक्ट्रिक फील्डने मॅग्नेटवर कंट्रोल’, देवनागरीत लिहा आणि मोकळ्या व्हा.

बाळीवेस
मग क्रियापदं तरी कशाला ठेवायची?

अक्कलकोटरोड
सर, रागावू नका. माझ्या कारागिरांची भाषाही मराठीच आहे. ती पुस्तकात नाही एवढाच तिचा गुन्हा.

पूर्वभाग
‘बहुलोही’वर कुणी बोललंच नाही. अक्का, तेलुगूत लोहम म्हणजे कुठलाही धातू. लोखंडाला इनुमु म्हणतात. कन्नडमध्येही लोह म्हणजे धातूच ना?

विजापूरवेस
हो. लोखंड म्हणजे कब्बिण.

पूर्वभाग
म्हणजे ‘बहुलोही’ ऐकून आमच्याकडच्या माणसाला पंचलोहाची मूर्ती आठवणार. पुष्कळ धातू वितळवून ओतलेलं काहीतरी. तसा अर्थ आहे का?

कंबरतलाव
अजिबात नाही, आणि भाचीला ते खटकलं ते यामुळेच असणार. या ‘फेरो’ची कथा सांगतो. फेरो म्हणजे लोखंडाचं. लोखंडासारखं स्वतःचं चुंबकत्व धरून ठेवणारे पदार्थ ते फेरोमॅग्नेटिक, आपले लोहचुंबकीय. पुढे काही स्फटिक असे सापडले की ते विद्युतध्रुवण, म्हणजे धन आणि ऋण बाजूंचं सरकलेपण, तसंच धरून ठेवतात आणि उलटं क्षेत्र लावलं की उलटतात. रोशेल मीठ नावाच्या स्फटिकात हे १९२० च्या सुमारास दिसलं. वागणूक लोहचुंबकासारखी, म्हणून त्यांना फेरोइलेक्ट्रिक म्हणू लागले. त्यात लोखंड असायलाच हवं असं काही नाही. बेरियम टायटेनेट हा त्यातला गाजलेला पदार्थ, त्यात लोखंड औषधालाही नाही. ‘लोहविद्युत’ असं भाषांतर केलं की मुलं लोखंड शोधत बसतात.
एकाच पदार्थात असे दोन किंवा अधिक गुण नांदले तर तो मल्टिफेरॉइक. हा शब्द हान्स श्मिड यांनी रूढ केला, १९९४ मध्ये. योगायोगानं हा धागाही परिषदेशीच जोडलेला आहे. स्फटिकांतल्या चुंबकविद्युत परिणामांवर पहिली खास परिषद सिएटलला १९७३ मध्ये झाली आणि दुसरी थेट १९९३ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या अस्कोनाला. मधली वीस वर्षं विषय जवळपास झोपलेला होता. २००३ मध्ये बिस्मथ फेराइटचे पातळ थर आणि टर्बियम मँगनाइट यांवरचे निबंध आले आणि मग सगळे धावत सुटले. बिस्मथ फेराइटमध्ये लोखंड आहे, तेवढ्यापुरती अक्कांची ‘लोह’वाली बाजू राहते.
मुळात गाभा ‘लोह’ नाही, ‘धरून ठेवणं आणि सांगितल्यावर उलटणं’ हा आहे. त्यासाठी मराठीत सुटसुटीत शब्द मिळाला तर मला हवाच आहे.

बाळीवेस
‘स्वधारी’? ‘बहुधारी’?

विजापूरवेस
बहुधारी म्हणजे पुष्कळ धार असलेली सुरी वाटते.

होटगीरोड
‘चुंबकविद्युत’ आणि ‘विद्युतचुंबक’ यांत फरक काय? उलटं लिहिलं की वेगळं होतं?

कंबरतलाव
होतं. विद्युतचुंबक म्हणजे तुमची कॉइल. चुंबकविद्युत म्हणजे ज्या पदार्थात विद्युत क्षेत्र लावलं की चुंबकत्व उमटतं आणि चुंबकीय क्षेत्र लावलं की ध्रुवण. असं होऊ शकेल हे पिअर क्युरीनं १८९४ मध्येच स्फटिकांच्या सममितीवरून मांडलं होतं. मग झालोशिन्स्कीनं १९५९ मध्ये क्रोमियम ऑक्साइडमध्ये ते दिसायला हवं असं गणितानं सांगितलं आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅस्ट्रोव्हनं प्रयोगात पाहिलं. परिणाम अगदी बारीक होता, पण होता.

अक्कलकोटरोड
क्रोमियम ऑक्साइड म्हणजे तो हिरवा रंग?

कंबरतलाव
तोच. आणि सोलापूरकरांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट सांगतो. त्यातल्या अणूंची चुंबकीय शिस्त सुमारे ३४ अंश सेल्सियसला मोडते. त्यावर तापलं की चुंबकविद्युत गुण गेला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे भर दुपारी तुमच्या अंगणात ठेवलेला तुकडा नुसता हिरवा दगड. बिस्मथ फेराइटचं तसं नाही, त्याची चुंबकीय शिस्त ३७० अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. लोक त्याच्यामागे लागले ते एवढ्यासाठीही.

होटगीरोड
हे व्याख्यानात सांगायला सांगा हो भाचीला. पोरं हे विसरणार नाहीत.

सातरस्ता
नक्की सांगते. सगळं वाचतेय, खूप कळलं, पण शीर्षक अजून अधांतरीच आहे. ‘विद्युत्क्षेत्र’ जोडून लिहू, की ‘विद्युतबल-क्षेत्र’ असं काही करू? शिवाय ‘भार’ही (चार्ज) येतोय मजकुरात. ‘विद्युतभार’ लिहिलं की लोकांना भारनियमन आठवेल ना?

बाळीवेस
पाठ्यपुस्तकात ‘प्रभार’ आहे. तोच वापरा.

अक्कलकोटरोड
प्रभार म्हटलं की प्रभारी मुख्याध्यापक आठवतात, सर.

बाळीवेस
आठवू देत. संदर्भ कशासाठी असतो? ‘ताण’ शब्दाला घरी एक अर्थ, मागावर दुसरा, दवाखान्यात तिसरा. माणसं गोंधळतात का? ‘क्षेत्र’ही तसंच. पंढरपूरला क्षेत्र म्हणतो, शेताला क्षेत्र म्हणतो, तरी वारकरी हेक्टर मोजत बसत नाही. शब्द एकदा वापरात पडला की तो आपली जागा करून घेतो, मात्र वापरायला आपणच कचरतो.

पूर्वभाग
हे मात्र खरं बोललात, सर. आमच्याकडेही नव्या पिढीला लोहम म्हणजे धातू हे सांगावं लागतं, कारण शाळेतल्या मराठीत लोह म्हणजे लोखंड.

बाळीवेस
संस्कृतात लोह आधी तांब्याला, मग धातूमात्राला आणि मग लोखंडाला. लोखंड हा शब्दच लोह आणि खंड यांचा. तेव्हा तुमच्या घरातला अर्थ जुना आहे, चुकीचा नाही. पण एक विचारतो. मघाशी होटगीरोड ‘चुंबक ओढून धरतो’ म्हणाले. मी जन्मभर ‘ते लोहचुंबक’ म्हणत आलो. तुमच्याकडे तो की ते?

होटगीरोड
तो. तो चुंबक, ती कॉइल.

विजापूरवेस
मी शाळेत ‘ते’ शिकले. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगीच, म्हणून मला तेच बरं वाटतं.

अक्कलकोटरोड
‘ते मॅग्नेट’ नाही हं, ‘तो मॅग्नेट’. पण मोठी चकती असेल तर बायका ‘ती मॅग्नेट’ म्हणतात.

बाळीवेस
चकतीमुळे ती. लिंग मूळ वस्तूचं घेतात, हे मराठीत पुष्कळदा दिसतं. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढ्याकडचं कुणी आहे का? तिकडे जुनी माणसं काय म्हणतात ते कळलं तर बरं होईल.