मदत हवी आहे: मांजरीने कुंडीतलं पान चावलं, लाळ थांबत नाही

खाडीकाठ (गुहागर): अर्धा तास झाला. पडवीतल्या झाडाचं पान चावली, आता पंजाने तोंड ओरबाडतेय. मीठपाणी पाजून उलटी काढू का? लवकर सांगा.

माडाखाली: झाड कुठलं? कण्हेर असेल तर थांबूच नका, तिचं विष थेट हृदयावर जातं.

खाडीकाठ: कण्हेर पडवीत कोण ठेवतं? सगळ्यांकडे असतं ते, मोठ्या पानांवर पांढरे शिंतोडे.

आडवाट: खोड जाड, उसासारख्या कांड्यांचं? मग डिफेनबाकिया. मीठपाणी अजिबात नको, मांजरीला मीठच बाधतं, शिवाय उलटीबरोबर घसा पुन्हा सोलवटतो. ओल्या फडक्याने जीभ-हिरड्या पुसा, अडकलेला तुकडा काढा. बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने थेंबथेंब पाणी सोडा. भसकन ओतलंत तर फुप्फुसात जाईल. मग चमचाभर थंड दूध किंवा दही. पंजे धुवा, नाहीतर ती चीक परत चाटेल.

कोकमकढी: आमसुलाचं पाणी द्या. अळू खाजलं की तेच करतात.

आडवाट: अळू याच कुळातलं, कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयाही (तोंडात टोचणारे बारीक स्फटिक) त्याच. पण आमसूल अळवाच्या पातेल्यात. टोचलेल्या जिभेवर आंबट म्हणजे आग.

कोकमकढी: पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

आडवाट: मांजरीच्या तोंडात?

कलमवाला: कुंडी आधी पागोळीखालून हलवा, मुळं कुजतात. छाटताना हातमोजे घाला. चीक डोळ्यात उडाला तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा, मग डॉक्टर. मनीप्लँटमध्येही याच सुया असतात.

माडाखाली: कुंडीचं नंतर बघू हो. खाडीकाठ, श्वास कसा चाललाय? तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, जीभ सुजतच चालली असेल तर घरचे उपाय बंद. पानाचा फोटो घेऊन गुरांच्या दवाखान्यात न्या.

खाडीकाठ: श्वास ठीक. लाळ कमी झाली, दही चाटलंन. पण उरलेलं पान आत्ता धाकट्याच्या मुठीत सापडलं. दीड वर्षाचा आहे.

आडवाट: हे आधी सांगायचं की! त्याचे हात साबणाने धुवा, डोळे चोळू देऊ नका. तोंडात बघा. ओठ सुजलेत का? आवाज घोगरा झालाय का? गिळता येत नसेल तर इथे लिहीत बसू नका, गाडी काढा.

खाडीकाठ: ओठ थोडा लाल आहे. निघतोय.