मावा खाणाऱ्या पोराला संघातून काढलं, आता मैदानच रिकामं होतंय. काय करू?

फक्कीची_रेघ:
राम राम मंडळी. वाळवा तालुक्यात आमचं छोटं कबड्डी मंडळ आहे. संध्याकाळी वीस-बावीस पोरं येतात, बहुतेक आठवी ते बारावीची. गेल्या महिन्यात सरावात आमच्या मुख्य चढाईपटूचा दम आत गेल्यावर तुटला. 'कबड्डी कबड्डी'चं नुसतं 'बडी बडी' व्हायला लागलं. जवळ जाऊन बघतो तर गालात मावा, तंबाखू-सुपारी-चुन्याचा! थुंक म्हटल्यावर थुंकला तो नेमका मधल्या रेषेवर. दुपारीच ताजी फक्की मारलेली, त्यावर लाल पिचकारी. डोकंच फिरलं. त्याच दिवशी काढला.

आठवड्यात आणखी चौघं यायचे बंद झाले. आता पाचही जण टपरीवर असतात. तो सतरा वर्षांचा आहे, पण बारकी पोरं नी-कॅपसुद्धा त्याच्यासारखी एकाच पायात घालतात. शाळेत व्याख्यान झालं, पोस्टर झालं, शपथ तर दरवर्षी होते. कुणी प्रत्यक्षात काही केलंय का?

डावा_कोपरा:
सर, स्पष्ट बोलतो, काढायला नको होतं. तुम्ही टपरीला आयता कॅप्टन दिलात.

आमच्याकडे (कागलजवळ) असाच एक होता. त्याच्याकडे सहावी-सातवीची तीन पोरं सोपवली. घोट्याची पकड शिकव म्हटलं, अट एकच, तोंड रिकामं पाहिजे. तंबाखूवर एक शब्द बोललो नाही. चौथ्या दिवशी त्यातलंच एक कार्टं म्हणालं, "दादा, आ कर की." पोरगं असं लाजलं! आम्ही ओरडून जे झालं नव्हतं ते तिथं झालं. लगेच सुटलं असं नाही, दोनदा परत लागलं. पण लपवायचं बंद झालं, मला येऊन सांगायचा.

दुसरं म्हणजे वेळ. शाळा पाचला सुटते आणि सराव साडेसहाला, मधला दीड तास टपरीचा. आम्ही सराव सव्वापाचला आणला, दप्तरासकट या म्हटलं. सगळी सुधारली नाहीत. दोघं ऊसतोडीला गेली, ती सवय घेऊनच परत आली.

दाढदुखी:
दंतवैद्य आहे. शाळेतल्या व्याख्यानात निम्मा वेळ सिगारेटवर जातो. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूर न काढता तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. आपला रोग गालात आहे.

मैदानावर एक करा. प्रत्येकानं स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. जात नसतील किंवा तिखट खाल्ल्यावर आग होत असेल तर दवाखान्यात पाठवा. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते. म्हणून 'मावा सोड, नुसती सुपारी खा' हा सल्ला कुणी देऊ नका. सोडल्यावर पहिले काही दिवस पोरगं चिडचिडं होतं, झोप लागत नाही. त्या दिवसांत उद्धटपणा केला म्हणून हाकलू नका. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, सोडायला मदत करतात.

तारीख_पे_तारीख:
टपरी शाळेपासून १०० यार्डांच्या आत आहे का? मग तिथं तंबाखू विकताच येत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. कोटपाखाली (तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा) दंड जेमतेम २०० रुपये, त्याला कोण भीक घालतो! पण अल्पवयीन पोराला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागतं, त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. टपरीवाल्याला एवढं शांतपणे सांगून बघा.

आणि राग मानू नका, सर, तुम्ही स्वतः काय खाता?

फक्कीची_रेघ:
दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण वकीलसाहेबांचा प्रश्न. खातो. अकरा वर्षं, मावाच. सरावाच्या आधी एक, नंतर एक. पोरांना दिसत नाही असं मला वाटायचं.

काल टपरीवर जाऊन त्या पोराला म्हटलं, उद्यापासून बारक्यांची तुकडी तुझी. तो म्हणाला, "आणि तुमची पुडी, सर?" खिशातली काढून त्याच्या हातात दिली. दोघांनी तिथंच गटारात टाकली. आज आला, चौघांपैकी दोघंही आले.

सराव संपल्यावर बोटांचं करून बघितलं. पोरांची सगळ्यांची तीन गेली. माझी दोनच जातात, तिसरं अडकतं. सोमवारी इस्लामपूरला दाखवून येतो.