पाकिटासोबत लिटरचं माप द्या

पोरांच्या जुलाबावर 'शाळेत ओआरएसची पाकिटं ठेवली की झालं' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. ओआरएस म्हणजे जुलाबात अंगातलं गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला पाण्यात मिसळून पाजायची मीठ-साखरेची पूड. मोठं पाकीट 1 लिटर पाण्यासाठी असतं, पण आमच्या दापोलीकडे ते पेलाभर पाण्यात ढवळून दिलेलं मी पाहिलंय. एवढ्या खारट पाण्याने पोराच्या रक्तातलं मीठ वाढतं, म्हणजे दुखणं आणखी बळावतं. ओआरएसच्या प्रशिक्षणात गुरुजी-बाईंकडून लिटरची बाटली प्रत्यक्ष भरून घ्या, तिच्यावर खूण करून घ्या.

उलटी झाली की पाजणं बंद करतात, तेही चूक. 10 मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करायचं. पाकीट नसेल तर मीठ घातलेली पातळ पेज द्या, ती कोकणात कुठेही मिळेल. मात्र मूल सुस्तावलं किंवा पिईनासं झालं तर लगेच आरोग्य केंद्रात न्या.