चेटकीण आधी की आरोप आधी?

मोडीवाचक :
करणी, चेटूक, मूठ मारणे यांच्या इतिहासाचा विषय निघाला की बोलणं लगेच अथर्ववेदातल्या अभिचारावर, म्हणजे मंत्रांनी दुसऱ्याचं वाईट करण्यावर, नाहीतर मांत्रिकांवर जातं. मला वाटतं, हा इतिहास जादू करणाऱ्यांचा नाहीच. तो बोट दाखवणाऱ्यांचा आहे.

1610 मध्ये स्पेनमधल्या लोग्रोन्यो इथे चेटकाच्या आरोपावरून सहा जणांना जिवंत जाळलं. निवाडा करणाऱ्यांपैकी आलोन्सो दे सालाझार याला ते पचलं नाही. पुढच्या वर्षी तो बास्क डोंगरांत महिनोन्महिने हिंडला, सुमारे 1,800 लोकांचे कबुलीजबाब तपासले. चेटकिणींचं म्हणून आणून दिलेलं मलम जनावरांवर लावून पाहिलं, काहीही झालं नाही. त्याचा निष्कर्ष असा, की चेटकिणींबद्दल बोलायला आणि लिहायला सुरुवात होईपर्यंत त्या मुलखात ना चेटकीण होती ना कुणाला बाधा. 1614 मध्ये तिथले पुराव्याचे नियम कडक झाले. बाकी युरोपात मात्र हे चालूच राहिलं. एकूण 40 ते 50 हजार माणसं मारली गेली, त्यात बहुतेक बायका.

आपल्याकडे वेगळं काय घडलं? डाकीण, भुताळी, चेटकीण अशी नावं बदलली. नाव मात्र लागलं ते बहुतेक एकट्या बाईलाच.

परभणीकर :
तुमचं अर्धंच पटलं. करणारे नव्हतेच असं म्हणू नका. 1972 ते 1974 या काळात आमच्या मानवतला बायका आणि कोवळ्या पोरींचे खून झाले, ते गुप्तधनासाठी. पिंपळाखालचं धन हाती लागावं म्हणून रक्ताचा नैवेद्य! तिथे कुणी कुणावर खोटं बोट दाखवलं नव्हतं. विधी सांगणारे होते, त्यावर विश्वास ठेवणारे होते आणि हत्यार धरणारेही होते.

मी तेव्हा सहावीत होतो, शेजारच्या गावात. आई थोरल्या बहिणीला एकटीला शेणी आणायलाही पाठवत नसे. बहीण पाटी डोक्यावर घेऊन पुढे, मी काठी घेऊन मागे, आणि बांधावरून आई हाका मारत असायची. उत्तराची हाक यायला जरा उशीर झाला तर ती धावत सुटायची. तुमच्या इतिहासात या पोरींना जागा कुठे आहे?

मोडीवाचक :
जागा आहे, आणि मी ती सोडली, हे कबूल. पण एक पाहा. मानवतमध्ये मारणाऱ्यांचा जादूवर विश्वास होता, मेलेल्या पोरींकडे कुठली जादू नव्हती. दोन्हीकडे मरणारी तीच.

शुभदा :
म्हणूनच कायदा लागतो. इंग्लंडने 1735 मध्ये कायदाच उलटा केला. चेटूक करणं हा गुन्हा उरला नाही, मला चेटूक येतं असा दावा करणं हा गुन्हा ठरला. आपल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची दिशा तीच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी जवळजवळ दोन दशकं झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड. अनुसूची एकदा वाचाच. अमकी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुरांचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई पसरते असं भासवणंही त्यात गुन्हा आहे. गुरांच्या दुधापर्यंत जाणारा कायदा गोठ्यातलं भांडण पाहिलेल्यांनीच लिहिलेला असतो.

चांदसैलीकर :
शुभदाताई, कायद्याचा मलाही अभिमान आहे. पण मी नंदुरबारच्या डोंगरात बारा वर्षं शिक्षक आहे, म्हणून सांगतो. एका पाड्यावर महिन्याभरात दोन लेकरं तापाने गेली. भगताने, म्हणजे तिथल्या मांत्रिकाने, कौलासाठी दाणे टाकले आणि सांगितलं, वरच्या घरची. वरच्या घरी माझ्या वर्गातल्या मुलीची आजी, नवरा वारलेली, दोन एकर नावावर. दुसऱ्या दिवशी हातपंपावर तिचा हंडा रांगेतून उचलून कुणीतरी बाजूला ठेवला. म्हातारी काही बोलली नाही, रिकामा हंडा घेऊन नाल्याकडे गेली. पोरगी तेव्हापासून शाळेत कोपऱ्यात बसायला लागली, तिच्याजवळ कुणी बसेना.

यातलं कुठलं कलम लावू? हंडा बाजूला ठेवल्याचं? तक्रार द्यायची ती म्हातारीने, आणि राहायचं त्याच पाड्यावर. लेकरं तापाने मेली तेव्हा दवाखाना तीन तासांच्या पायवाटेवर होता, भगत मात्र शेजारीच होता. आधी दवाखाना द्या, मग भगताला पकडा.

शुभदा :
सर, ‘आधी दवाखाना, मग कायदा’ हे मला मान्य नाही. दवाखाना होईपर्यंत त्या आजीने जगायचं कसं? आणि पुण्या-मुंबईत पावलोपावली दवाखाने आहेत, तरी करणी उतरवायला पैसे मोजणारी सुशिक्षित घरं मी पाहिली आहेत.

मोडीवाचक :
शुभदाताईंनी 1735 चा दाखला दिला, त्याच्या पुढची गोष्ट सांगतो. सोळा वर्षांनी, 1751 मध्ये, ट्रिंग गावच्या जमावाने रूथ ऑसबॉर्न या गरीब म्हातारीला चेटकीण म्हणून तळ्यात बुडवून मारलं. सरकारने म्होरक्याला, टॉमस कॉलीला, फाशी दिली. तेव्हा गावकरी कुरकुरत होते, की एका दुष्ट म्हातारीला संपवल्याबद्दल माणसाला लटकवतात! कायदा पोचला होता, गाव पोचलं नव्हतं. तरी ती फाशी व्हायला हवी होती, असंच मी म्हणेन.

परभणीकर :
चांदसैलीकर सर, त्या आजीचं पुढे काय झालं?

चांदसैलीकर :
मी आणि आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई रोज सकाळी तिचा हंडा रांगेत ठेवायला जायला लागलो. पहिले आठ दिवस आमचेही हंडे उचलून बाजूला ठेवले. नवव्या दिवशी ठेवले नाहीत. जमीन अजून तिच्याच नावावर आहे. पोरगी यंदा सातवीत गेली. भगत अजूनही दाणे टाकतो.