पद्मिनीचं स्टिअरिंग थरथरतं, डावीकडे ओढतेसुद्धा. बॉक्स बदलू का?

सातारी_चाक:
बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. आठ वर्षं शेडमध्ये उभी होती, दिवाळीत रस्त्यावर आणली. इंजिन झकास. पण ५५-६० ला स्टिअरिंग थरथरतं, पुढे जरा शांत होतं. चक्र दोन बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो. शिवाय गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर जुळवणं) दोनदा झालं. दुसऱ्या ठिकाणी पोराने मशीनमध्ये पद्मिनी शोधली, सापडली नाही, मग भलत्याच गाडीचे आकडे लावले. गॅरेजवाले म्हणतात स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे चक्राखालचा गिअरचा डबा, बदला. बदलू?

जुना_फियाटवाला:
अजिबात नको. प्ले, म्हणजे ढिलेपणा, नक्की कुठे आहे ते आधी शोधा, खर्च मग.

चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाला आत बसवून चक्र थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा, तुम्ही टॉर्च घेऊन खाली बघा. चक्र हलतंय आणि बॉक्सखालचा ड्रॉप आर्म (रॉड ढकलणारा दांडा) ढिम्म, तर दोष बॉक्समध्ये. आर्म हलतोय पण पुढचा रॉड उशिरा हलतोय, तर मधला जॉइंट गेला. बॉक्सच्या विरुद्ध बाजूला रॉडचं दुसरं टोक धरणारा आयडलर आर्म असतो, त्याच्याकडे नीट बघा. तो वर-खाली उचकत असेल तर त्याचा बुश (आतली नळी) संपला. या गाड्यांत हा दोष हमखास नजरेतून निसटतो, कारण तिकडे कोणी बघतच नाही.

मग पुढचं एकेक चाक उचला. स्टँड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक वर आणि खाली धरून हलवा. खटखट लागली तर आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. खटखट थांबली तर बेअरिंग ढिलं, तशीच राहिली तर किंगपिन, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती. आठ वर्षं उभी म्हणजे मला किंगपिनचाच संशय आहे.

नाना_पेठकर:
+१. आणि टायरवरून आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने करवतीसारखा लागला तर टो-इन (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन) बिघडलंय. पण अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. ढिल्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

घाटरस्ता:
ओढण्याचं कारण वेगळंही असू शकतं. पाच-सहा किलोमीटर जाऊन या, दोन्ही पुढच्या ब्रेक ड्रमजवळ हात न्या. डावा जास्त तापला असेल तर व्हील सिलिंडर (ब्रेक दाबणारा चाकातला सिलिंडर) चिकटलाय. हे दोन मिनिटांचं काम कोणी करत नाही.

सातारी_चाक:
फियाटवाले काका, तुमचंच खरं ठरलं. आईला आत बसवलं होतं. ब्रेक दाबला तरी डाव्या चाकाची खटखट तशीच. किंगपिनच्या निप्पलमध्ये (ग्रीस भरायच्या तोंडात) ग्रीस जाईना. निप्पल काढला तर आत डिंकासारखं वाळलेलं काळं ग्रीस. आयडलरही वर-खाली नाचतो. डावा ड्रम तर चांगलाच तापलेला. ड्रॉप आर्म मात्र चक्राबरोबर लगेच हलतो. मग बॉक्सचा प्ले कमी करायचा स्क्रू थोडा आवळून चालेल?

जुना_फियाटवाला:
नका आवळू. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून बॉक्स मधोमध झिजतो. मध्यावरचा प्ले घालवायला आवळलात की वळणावर अडकतो आणि चक्र आपोआप परत येत नाही. बॉक्सचं तेल तेवढं तपासा. गिअर ऑइल लागतं, लोक आत ग्रीस कोंबतात.

किंगपिन दोन्ही बाजूंचे एकदमच करा. नवे बुश ठोकल्यावर आतून किंचित आवळतात, म्हणून रीमर (भोक मापात कापणारं हत्यार) मारावाच लागतो, तोही वरच्या-खालच्या बुशमधून एका रेषेत. पिन हाताने सरकली पाहिजे, लटपटायला नको. बुशचं ग्रीसचं भोक निप्पलसमोर आलंय ना, ते ठोकण्याआधी बघा. आमच्याकडे एकाने ते आडवं बसवलं होतं. सहा महिन्यांत पुन्हा तेच काम.

नाना_पेठकर:
किंगपिनचा सेट पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला विचारा. २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हापासून माल निवडूनच घ्यावा लागतो. जुनी पिन सोबत न्या, मापून घ्या.

सातारी_चाक:
सेट मिळाला. सिलिंडरचे रबरही घेतले. लेथवाले शनिवारी रीमर मारून देणार आहेत. बॉक्समध्ये तार घातली तर कोरडी बाहेर आली, तेल भरलं. गॅरेजवाल्यांना किंगपिन दाखवला. बोटाने हलवून बघितला, म्हणाले, “हो, हा गेलाय. पण बॉक्स पण बदलून टाकू.”