मदत हवी आहे: ॲसिटोनायट्राइल लावलं की एचपीएलसीचा फ्लो पडतो

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणी विभागात) आहे. आमच्या एचपीएलसीच्या (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) क्वाटर्नरी, म्हणजे चार द्रावकं मिसळणाऱ्या, पंपाचं प्रेशर ॲसिटोनायट्राइल हे द्रावक लावलं की सारखं खालीवर होतंय आणि रिटेन्शन टाइम (घटक यंत्रातून बाहेर यायला लागणारा वेळ) लांबतोय. स्टेबिलिटीचे (औषध किती काळ टिकतं ते तपासायचे) सॅम्पल खोळंबलेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

मिनिटाला 1 मिली फ्लो लावून 10 मिनिटं मेजरिंग सिलिंडरमध्ये गोळा केलं. पाणी बरोबर 10 मिली, मेथनॉलही ठीक. शुद्ध ॲसिटोनायट्राइल मात्र 9 च्या आसपासच भरतं. दुसऱ्या लाइनवर लावलं तरी तेच, म्हणजे प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हचा (द्रावकांचं प्रमाण ठरवणारा व्हॉल्व्ह) एखादाच चॅनेल बिघडलाय असं वाटत नाही. बाटलीतला फिल्टर काढून पाहिला. पिस्टन सील नवे आहेत, गळती कुठेच नाही.

माझा संशय इनलेट चेक व्हॉल्व्हवर (पंपात द्रव एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आहे. ॲसिटोनायट्राइलमध्ये रुबीचा गोळा सफायरच्या सीटला चिकटतो, हे माहीत आहे. व्हॉल्व्ह आयसोप्रोपेनॉलमध्ये सोनिकेट केला (ध्वनिलहरींनी साफ केला) की थोडा वेळ सुरळीत चालतं, मग पुन्हा रडगाणं. सर्व्हिसवाले अख्खं पंप हेड बदला म्हणतात, ते मला पटत नाही.

चेक व्हॉल्व्हसाठी सिरॅमिक गोळ्याचं कार्ट्रिज कुणी वापरलंय का? खरंच टिकतं? ॲसिटोनायट्राइलमध्ये 5 टक्के पाणी घालून चालवणारे असतील तर ग्रेडियंट (द्रावकांचं बदलतं प्रमाण) कसा जुळवलात आणि क्यूएने (गुणवत्ता हमी विभागाने) ते कसं मान्य केलं, तेही सांगा. की डीगॅसरची (द्रावकातली हवा काढणारा भाग) व्हॅक्यूम चेंबर आधी तपासू?

रबाळे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमध्ये कुणाकडे चालू स्थितीतला चेक व्हॉल्व्ह असेल तर तासाभरासाठी लावून बघायचा आहे. मी स्वतः घ्यायला येईन.